नदीचे मुद्दल

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरानजीक ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचे गाव आहे. तेथील तळ्यांमधील पायवाटेने सकाळी फिरणाऱ्यास वाटते, की ही तळी निसर्गानेच घडविली असावीत. वस्तुतः ती मनुष्याने खणलेली आहेत. बांधकामासाठी लागणारी वाळू व गोटे काढण्यास तेथे १९२९ मध्ये प्रारंभ झाला. खणलेले खड्डे पाण्याने भरले, काठावर बोरू वाढला, पक्षी आले. १९६६ मध्ये डेव्हिड ॲटनबरो यांच्या हस्ते तेथील निसर्ग राखीव क्षेत्राचे उद्घाटन झाले.

आज तेथे डोक्यावर तुरा मिरविणारी मोठी पाणडुबी दिसते, निळा खंड्या क्षणभर चमकून जातो. अशा खाणींचा खरा लाभार्थी मात्र एक चिमुकला पक्षी आहे: छोटा कंठेरी चिखल्या. ब्रिटनमध्ये त्याचे पहिले घरटे १९३८ मध्ये आढळले. पुढे वाळू-गोट्यांच्या उघड्या खाणींच्या आश्रयानेच तो त्या देशात पसरला. त्याचे घरटे म्हणजे गोट्यांमधील उथळ खळगा, आणि अंडी गोट्यांच्याच रंगाची. हाच पक्षी महाराष्ट्रातील नद्यांच्या काठीही तुरुतुरु धावताना दिसतो.

मग उत्खनन हितकारक म्हणावे काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ॲटनबरोला वाहत्या नदीचे पात्र उपसले गेले नाही. नदीने प्राचीन काळी बाजूच्या सपाटीत साठविलेला थर काढला गेला. काम संपलेली जागा पाण्याला व पक्ष्यांना मिळाली. मुद्दल खर्ची पडले हे खरे. परंतु त्या बदल्यात दुसरी मालमत्ता उभी राहिली.

आपल्याकडे बहुधा वाहत्या पात्रातूनच वाळू उपसली जाते. पुराबरोबर दरवर्षी येणारी वाळू हे नदीचे व्याज. युगानुयुगे साठलेला थर हे मुद्दल. व्याजापेक्षा अधिक उचल झाली, की पात्र खोल जाते, काठच्या विहिरींचे पाणी उतरते, पुलांचे पाये उघडे पडतात. शिवाय उन्हाळ्यात पाणी ओसरून वाळूची बेटे उघडी पडतात, तेव्हाच नदी सुरय त्यांवर अंडी घालतो, आणि उपशाचा जोरही त्याच दिवसांत असतो. यंत्राच्या एका फावड्यात सारी वसाहत जाऊ शकते. लहान क्षेत्रातील उत्खननासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले, ते अशाच हानीकडे पाहून.

घर, दुकान वा गोदाम बांधताना ब्रासचा भाव प्रत्येक जण विचारतो. ती वाळू कोठून आली, हे क्वचितच कोणी विचारतो. वाहतुकीचा परवाना पाहणे, जेथे चालेल तेथे दगड भरडून केलेली वाळू वापरणे, एवढे तर प्रत्येक गृहस्थास शक्य आहे. स्वस्त मिळालेल्या वाळूची उरलेली किंमत काठचा शेतकरी आणि पात्रातील पाखरे चुकवीत असतात. ती कोणत्याही वहीत नोंदली जात नाही, इतकेच.

चैत्र-वैशाखात नदीकाठी फिरावयास जाणाऱ्यांनी दुर्बीण अवश्य न्यावी, पण वाळूच्या बेटावर उतरू नये, काठावरूनच पाहावे. ईर्यासमिती सांगते, की पुढील भूमी निरखून मगच पाऊल टाकावे. पायाखालचा गोटा हा गोटाच असेल, असे नाही.