आधी झाड पाहा, मग अळी

पावसाळ्यात घरोघरी एक तक्रार ठरलेली असते. चांगली भरलेली कढीपत्त्याची कुंडी दोन-तीन दिवसांत निम्मी रिकामी होते. फांदीला नुसत्या काड्या उरतात आणि कुंडीच्या कडेला काळपट लेंड्या पडलेल्या दिसतात. मग कुणी चप्पल शोधते, कुणी झुरळांवर मारायचा स्प्रे आणते. स्प्रेने अळी मरते खरी, पण तीच पाने चार दिवसांनी वरणाच्या फोडणीत पडतात. अळीपेक्षा तो स्प्रे आपल्या पोटाला जास्त वाईट, हा विचार घाईत सुचत नाही.

या महिन्यात आपण या न बोलावलेल्या पाहुण्यांची ओळख करून घेऊ. ती करून घ्यायची एक सोपी रीत आहे. अळीचा रंग आणि आकार वाढीबरोबर बदलतो, पण ती ज्या झाडावर बसते ते झाड सहसा बदलत नाही. म्हणून आधी झाड ओळखावे, मग अळी.

याचे कारण अळीच्या आईत आहे. मादी फुलपाखरू अंडे घालण्यापूर्वी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी ते चाचपते. फुलपाखरांना पायांनी चव कळते. पान आपल्या पिल्लांच्या कामाचे आहे अशी खात्री झाली की ती अंडे घालून उडून जाते, पुन्हा परतून येत नाही. तिने निवडलेले पान हाच त्या पिल्लाचा दस्तरखान. दुसऱ्या झाडाचे पान कितीही कोवळे असले तरी बहुतेक अळ्या त्याला तोंड लावत नाहीत.

हे माहीत नसले की काय होते ते आम्ही शिक्षक दर पावसाळ्यात पाहतो. मुले खडूच्या खोक्यात किंवा प्लास्टिकच्या डब्यात अळी घेऊन वर्गात येतात. हौसेने वर गवत आणि गुलाबाची पाने घालतात. दोन दिवसांत अळी सुकून जाते. मागे सहावीतल्या एका मुलीने असा डबा माझ्यापुढे धरला आणि विचारले, "टीचर, इतकी पाने होती, मग ही मेली कशाने?" ती भुकेने मेली होती. डबा पानांनी भरलेला होता, पण त्यात तिचे पान एकही नव्हते. त्या मुलीने जीव लावण्यात काही कमी केले नव्हते, फक्त माहिती नव्हती.

आता कुंडीकडे येऊ. कढीपत्ता, लिंबू, मोसंबी, संत्रे आणि बेल ही सगळी एकाच कुळातली झाडे. यांवर प्रामुख्याने दोन फुलपाखरांच्या अळ्या सापडतात. एक लिंबाचे फुलपाखरू, ज्याला इंग्रजीत लाइम बटरफ्लाय म्हणतात. त्याचे पंख काळे, त्यांवर फिकट पिवळे ठिपके असतात आणि पंखांना शेपटी नसते. दुसरे कॉमन मॉरमॉन. याचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि खाली छोटी शेपटी. त्याची मादी कधी नरासारखी दिसते, तर कधी लाल ठिपक्यांच्या एका वेगळ्याच फुलपाखराचे रूप घेते. ते दुसरे फुलपाखरू विषारी असल्याने पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि त्या धाकात हिचाही जीव वाचतो.

यांचे अंडे मोहरीच्या दाण्याएवढे, गोल आणि फिकट पिवळे असते. ते कोवळ्या पानावर एकेकटे असते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. लहानपणी ती तपकिरी-काळी, मध्ये पांढरा डाग असलेली, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पक्ष्याला फसवण्यासाठी तिला मिळालेला हा बुरखाच. ती चार वेळा कात टाकते आणि शेवटच्या कातीनंतर एकदम हिरवीगार होते. मग अनेकांना वाटते की ही दुसरीच कुठली अळी आली. तिला बोट लावले तर डोक्यामागून दोन फाट्यांचे नारिंगी-लाल शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुले घाबरतात, पण हे शिंग मऊ असते. ते टोचत नाही आणि डसतही नाही.

महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरूही याच घराण्यातले आहे. ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळी. २०१५ मध्ये राज्य सरकारने तिला हा मान दिला आणि राज्य फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. काळ्या मखमली पंखांवर निळी झाक असलेले हे मोठे फुलपाखरू कोकणात आणि सह्याद्रीच्या आसपास दिसते. त्याची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते.

घराभोवतीची आणखी काही झाडे पाहू.

रुई: हिच्यावर काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी असते. अंगावर काळ्या धाग्यांसारख्या शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची अळी. ती लपत नाही, कारण रुईच्या चिकातले विष तिच्या अंगात भिनलेले असते. मुलांना मात्र बजावून सांगा, रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. पान तोडले की हात साबणाने धुवायचे.

आंबा: इथली अळी सापडणे कठीण. हिरव्या अंगाला पिसांसारखे काटे आणि पाठीवर फिकट रेघ. ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरते की तिची रेघ आणि पानाची शीर एक होऊन जाते. हे कॉमन बॅरन.

सीताफळ, रामफळ, सोनचाफा आणि शोभेचा उंच अशोक: यांवर टेल्ड जे, म्हणजे काळ्यावर पोपटी ठिपक्यांचे चपळ फुलपाखरू.

कृष्णकमळ: तांबूस, काटेरी अळ्या. यांची नारिंगी टॉनी कॉस्टर फुलपाखरे होतात.

टाकळा: पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तोच. त्यावरच्या हिरव्या बारीक अळ्यांतून पिवळी आणि पांढरट फुलपाखरे निघतात. भाजी निवडताना त्या दिसल्या तर पान बाजूला ठेवा, एवढेच.

अळू: वडीचे पान उलटले आणि शेपटीकडे शिंग असलेली जाड अळी दिसली, तर ते फुलपाखरू नाही, पतंगाचे पिल्लू आहे. तेही शिंग निरुपद्रवी असते.

शेवगा: इथे मात्र सावध राहा. शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवेच्या थवे बसतात. ही पतंगाची पिल्ले आणि त्यांच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते. अंगभर दाट केस असलेल्या कुठल्याही अळीला हात लावायचा नाही, हा नियम मुलांना पाठ करून द्या. केस लागलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ते अलगद उपटा आणि साबणपाण्याने धुवा. डोळ्यात गेले किंवा श्वासाला त्रास वाटला तर लगेच डॉक्टर गाठा.

झाड आणि अळी एकत्र पाहण्याची ही दृष्टी जगाला ज्यांनी दिली, त्यांत एका बाईचे नाव मोठे आहे. मारिया सिबिला मेरियन. त्यांचा जन्म १६४७ चा, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा. तेराव्या वर्षी त्यांनी रेशमाच्या अळ्या पाळून त्यांची चित्रे काढायला सुरुवात केली. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन त्या जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेल्या. १७०५ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यात झाड, त्यावरची अळी, कोष आणि फुलपाखरू एकाच चित्रात होते. घरातल्या मुलीने अळी हातात घेतली की आपण "शी, टाक ती" म्हणतो. त्यापूर्वी या बाईंची आठवण जरूर करावी.

सूरह नम्लमधला हजरत सुलैमान (अ.) यांचा प्रसंग आपण मुलांना सांगतोच. लष्कर येताना पाहून मुंगी बाकीच्या मुंग्यांना घरात शिरायला सांगते, कारण त्यांच्याकडून नकळत आपण चिरडले जाऊ. मुंगीने लष्कराला जालिम म्हटले नाही. त्यांना कळणार नाही, एवढीच तिची भीती होती. अळीच्या बाबतीत आपल्या हातून होते ते असेच, न कळून होते. आणि झाड लावणाऱ्याला हदीसमध्ये दिलासाही आहे. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते, असा तिचा आशय. कुंडीतली गेलेली चार पाने या हिशेबात धरायला काय हरकत आहे?

याचा अर्थ सगळ्याच अळ्या सोडून द्या असा नाही. लिंबाच्या रोपवाटिकेत हीच हिरवी अळी रोपेच्या रोपे फस्त करते. डाळिंबाच्या फळात शिरून ते आतून पोखरणारी अळीही एका फुलपाखराचीच आहे, आणि सोलापूर-नाशिककडच्या बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न तिच्यामुळे जाऊ शकते. त्याला बंदोबस्त करावाच लागतो. आपल्या गॅलरीतल्या कुंडीचे तसे नसते. कढीपत्ता पुन्हा फुटतो. रोप फारच लहान असेल तर पानासकट अळी उचलून शेजारच्या मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडा. स्प्रेची गरज पडत नाही.

मुलांना अळी पाळायचीच असेल तर असे करा. ज्या झाडावर ती सापडली त्याचीच डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचे तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी पाण्यात पडते. हे सगळे मोठ्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचे फडके बांधा. पाने रोज ताजी द्या, औषध न मारलेली. लेंड्या रोज काढा. आत एक उभी काडी ठेवा. पोट भरले की अळी खाणे सोडते, एक पातळ लेंडी टाकते आणि काडीवर चढून कमरेला रेशमाचा धागा बांधते. दुसऱ्या दिवशी तिथे कोष दिसेल. आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, फुलपाखरू निघेल. पंख चुरगळलेले असतील. मदत करायला जाऊ नका. पंख ताणून वाळवायला त्याला तास-दोन तास लागतात. मग फडके सोडा. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माशी निघते. तिने अळीच्या अंगात आधीच अंडी घातलेली असतात. मुले हिरमुसतील, त्यांना सांगा की त्यात त्यांचा काही दोष नाही.

या महिन्याचे काम: एक वही घ्या. पानाच्या वरच्या बाजूला झाडाचे नाव, घरात जे म्हणता तेच. खाली तारीख, अंडे किंवा अळी दिसली तो दिवस, रंग बदलला तो दिवस, कोष आणि उड्डाण. शेजारी मुलांना चित्र काढू द्या. दादी-नानींना विचारून झाडांची जुनी नावेही लिहून ठेवा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. वहीतले एखादे पान आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, रात्री दिव्यावर येणाऱ्या परवान्यांविषयी.