परवाना परीक्षेचे खाते

मुलाच्या किंवा मुलीच्या हाती वैद्यकीय पदवी आली की घरात पेढे वाटले जातात आणि शिक्षणाच्या खात्याखाली रेघ मारली जाते. परदेशात जाऊ पाहणाऱ्या, अथवा परदेशातून पदवी घेऊन परतणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत ही रेघ घाईची ठरते. परदेशी पदवीधराला रुग्ण तपासण्याचा परवाना बहुतेक देश सामान्यतः आपली परीक्षा घेऊनच देतात. त्या परीक्षेचे शुल्क छापील असते, म्हणून पालक तेवढाच आकडा वहीत मांडतात. अडत, हमाली, भाडे आणि उधारीचे व्याज धरल्याशिवाय मालाची किंमत न ठरवणारा व्यापारीही येथे मात्र केवळ खरेदीच्या भावावर विसंबतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण भारतातलेच आहे. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान येथे शिकून आलेल्या विद्यार्थ्यांना एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. शुल्क सहा-सात हजार रुपये. प्रश्न ३००, उत्तीर्ण होण्यास १५० बरोबर उत्तरे पुरेशी, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत, आणि वर्षातून दोनदा, जून व डिसेंबरमध्ये, संधी. कागदावर याहून स्वस्त परीक्षा सापडणार नाही. तरीही अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून कमी राहिले आहे. एकदा अपयश आले की सहा महिन्यांची वाट, शिकवणीचे शुल्क, वसतिगृह, खानावळ. यश आल्यावरही येथील १२ महिन्यांची आंतरवासिता उरतेच. सात हजारांची परीक्षा अशी दोन-तीन लाखांवर जाते, आणि हातचे वर्ष जाते ते निराळेच. प्रवेश करून देणाऱ्या मध्यस्थाच्या पत्रकात सहा वर्षांचा खर्च असतो. सातवे आणि आठवे वर्ष त्यात नसते. ते पालकांनी स्वतः लिहून घ्यायचे असते, तेही प्रवेशाच्या दिवशीच, कारण सहाव्या वर्षी ठेवी बहुधा मोडून झालेल्या असतात.

अमेरिकेचा मार्ग याच्या नेमका उलट दिसतो: शुल्कच डोळे विस्फारणारे. यूएसएमएलईचे पहिले दोन टप्पे, स्टेप १ आणि स्टेप २ सीके, प्रत्येकी सुमारे एक हजार डॉलरचे; भारतातील केंद्रावर परीक्षा दिल्यास प्रत्येकी आणखी दोनशेच्या आसपास. त्यात ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, ईसीएफएमजी या संस्थेच्या प्रमाणनाचे शुल्क आणि प्रश्नसंचांची वर्गणी मिळवावी लागते. परंतु खरा खर्च यानंतरच्या निवासी प्रशिक्षणाच्या अर्जांत दडलेला आहे. अलीकडील दरांनुसार एका विषयातील पहिल्या ३० रुग्णालयांसाठी प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढे प्रत्येकी ३० डॉलर आकारले जातात. म्हणजे ३० अर्ज ३३० डॉलरांत होतात. १०० अर्जांना मात्र २,४३० डॉलर लागतात. परदेशी पदवीधर धास्तीपोटी शंभराच्या पुढेही जातात. कोणत्या रुग्णालयांनी मागील वर्षांत परदेशी पदवीधर घेतले, हे आधी पाहून यादी निम्मी करता येते; त्या दोन संध्याकाळच्या कामाची बचत लाखाच्या घरात जाते.

यापुढे अमेरिकेतील रुग्णालयात एक-दोन महिने अनुभव घेण्याचा प्रवास, व्हिसा आणि निवास. सारे मिळून १० ते १५ लाख रुपये धरणे शहाणपणाचे. आणि इतके करूनही, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी अलीकडच्या वर्षांत दर १० जणांमागे साधारण ४ जणांना मार्चमधील निवडीत जागा मिळालेली नाही. जागा मिळाली तर वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलरचे वेतन सुरू होते आणि सारा खर्च लवकर भरून निघतो. जोखीम मोठी आणि परतावा मोठा, हे गणित व्यापारी घराला समजावून सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते वेगळेच: ही रक्कम दुकानाच्या खेळत्या भांडवलातून काढू नये. परीक्षेचा निकाल आणि बाजारातील मंदी एकाच महिन्यात आली, तर दोन्हीकडे हात आखडता घ्यावा लागतो.

ब्रिटनचा प्लॅब मार्ग पुष्कळ सुटसुटीत. पहिला भाग लेखी, १८० प्रश्नांचा, भारतात देता येतो. शुल्क पावणेतीनशे पौंडांच्या आसपास. दुसरा भाग प्रत्यक्ष कौशल्याचा. तो मँचेस्टरलाच द्यावा लागतो आणि त्याचे शुल्क हजार पौंडांच्या आतबाहेर आहे. बहुतेक जण दोन-तीन आठवडे आधी जाऊन तेथील सराववर्गात बसतात. बाहेरचे अन्न न घेणाऱ्या मुलांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. भाडे थोडे अधिक पडते, पण परीक्षेच्या आठवड्यात पाव आणि फळांवर राहण्याची काटकसर महागात जाते. नोंदणीपर्यंतचा खर्च चार-पाच लाखांत बसतो. त्यानंतर मात्र नोकरीची प्रतीक्षा आहे, आणि ती पूर्वीइतकी अल्प राहिलेली नाही. अर्जदार वाढले आहेत; २०२५ च्या जुलैत इंग्लंडच्या आरोग्यसेवेची जी दशवार्षिक योजना जाहीर झाली, तिच्यात विशेषज्ञ प्रशिक्षणासाठी तेथील पदवीधरांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे. नोंदणी झाली म्हणजे पगार सुरू झाला, असे मांडलेले अंदाजपत्रक आता चालणार नाही. सहा ते बारा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा.

ऑस्ट्रेलियात एका लेखी परीक्षेचेच शुल्क तीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या घरात आहे, तेव्हा तेथे चाचपडत बसणे परवडत नाही. जर्मनीत याउलट परीक्षाशुल्क तुलनेने कमी, पण वर्ष-सव्वा वर्ष केवळ भाषेवर घालवावे लागते. तेथील व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाचे ११ ते १३ हजार युरो एका बंद खात्यात ठेवावे लागतात. ही रक्कम महिन्याकाठी परत हाती येते, म्हणून ती खर्चात न लिहिता अडकलेल्या पैशांत लिहावी. अनेक कुटुंबे ती खर्चात धरून घाबरतात आणि मार्गच सोडून देतात.

देश कोणताही असो, या परीक्षा टप्प्याटप्प्याच्या आहेत, आणि खर्चही तसाच मांडता येतो. समजा, इचलकरंजीच्या एका सूतव्यापाऱ्याची कन्या अमेरिकेची तयारी करू इच्छिते. घराने पंधरा लाखांची एकरकमी तरतूद करण्याचे कारण नाही. पहिल्या टप्प्यापुरते दीड-दोन लाख आज, निकालानंतर दुसऱ्याचे, आणि दुसऱ्या टप्प्याचे गुण पाहून मगच प्रवास व अर्जांचे. स्टेप १ चा निकाल २०२२ पासून केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे सारा भार स्टेप २ च्या गुणांवर आला आहे. एकदा उत्तीर्ण झालेली परीक्षा गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही. तेव्हा दोन महिन्यांची घाई करून मिळालेले मध्यम गुण कायमचे चिकटतात. तीन महिन्यांचा परीक्षाकाल आधी निवडावा लागतो. तो टळला तर मुदतवाढीचे शुल्क, आणि तीही टळली तर भरलेले शुल्क बुडते.

या मांडणीत एक प्रश्न घरोघरी टाळला जातो. "पुन्हा बसावे लागले तर?" असे वडिलांनी विचारणे अशुभ वाटते, आणि "अप्पा, नाही जमले तर मी किती वर्षे प्रयत्न करू?" असे मुलीने विचारणे म्हणजे माघार वाटते. परिणामी दोघेही न बोलता खर्च करीत राहतात. दुसऱ्या प्रयत्नाची रक्कम आणि थांबण्याचे वर्ष, दोन्ही पहिल्याच दिवशी एकत्र बसून लिहिलेले असावे. अपयशाच्या रात्री असे निर्णय नीट होत नाहीत. याच बैठकीत आणखी एक नोंद तपासावी. मुलाची परीक्षा गुंतवणुकीत आणि मुलीची परीक्षा लग्नाच्या तरतुदीतून वजा, अशी लपलेली खतावणी पुष्कळ सुशिक्षित घरांतही आढळते. परीक्षा घेणारे मंडळ दोघांकडून सारखेच शुल्क घेते.

रुपयाची घसरण हा या खात्यातील न दिसणारा खर्च. २०२२ च्या आरंभी डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता; २०२५ च्या आरंभी तो ८५ च्या पुढे गेला. तीन वर्षे चालणाऱ्या मार्गात पंधरा टक्के वाढ धरून ठेवणे म्हणूनच आवश्यक. क्रेडिट कार्डाने परकीय चलनात शुल्क भरल्यास बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के अधिभार लावतात. कार्ड निवडताना हा दर विचारून घ्यावा. शैक्षणिक कर्ज सामान्यतः प्रवेश घेतलेल्या अभ्यासक्रमाला मिळते, परवाना परीक्षेला नाही, हेही आधीच ठाऊक असलेले बरे.

शेवटी एक किरकोळ वाटणारी बाब. महाराष्ट्रातील गुणपत्रकांवर आडनाव आधी येते, पारपत्रावर ते वेगळ्या रकान्यात असते. कोठे वडिलांचे नाव असते, कोठे नसते. परीक्षा केंद्रावर प्रवेशपत्रावरील आणि ओळखपत्रावरील नाव जुळले नाही, तर उमेदवाराला बाहेरच थांबवले जाते आणि शुल्क परत मिळत नाही. पारपत्रावरील नावाप्रमाणेच सर्वत्र नोंदणी करावी, आणि फरक असल्यास राजपत्रातील नावदुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र पहिले शुल्क भरण्यापूर्वीच उरकून घ्यावे. या कामाला पैसे थोडेच लागतात, पण आठवडे बरेच जातात.