स्कॅनर कुणाच्या नावावर?

आठवडी बाजारात हल्ली भाजीच्या पाटीपासून पापड-कुरडयांच्या टेबलापर्यंत स्कॅनरचा पुठ्ठा टांगलेला दिसतो. गिऱ्हाईक मोबाईल पुढे धरते, पैसे जमा होतात, सुट्ट्या पैशांची कटकट मिटते. चांगलेच आहे. पण तो पैसा जातो कुणाच्या खात्यात, एवढे विचारून पाहावे. बरेचदा उत्तर येते, "पोराच्या", नाहीतर "मालकांच्या". माल बाईने केला, उन्हात बसून तिनेच विकला आणि पैशाचा मेसेज वाजला दुसऱ्याच्याच खिशात!

पैसा घरातच राहतो, मग बिघडले काय, असे कोणी म्हणेल. समजा, एका बाजारी २ हजारांचा माल खपला. त्यातले १२०० रुपये स्कॅनरवर गेले, ८०० रोख हाती आले. तेवढ्यात पुढच्या खेपेची उडीद डाळ आणि तेल येत नाही. मग पोराकडे मागायचे, तर त्याने गाडीत पेट्रोल भरलेले असते. धंदा नफ्यात की तोट्यात, हे तिला महिनाअखेरीसही कळत नाही. भाव वाढवावा का, उधारी द्यावी का, छोटी गिरणी घ्यावी का, हे मग मोबाईलवालाच ठरवतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी!

दुसरा तोटा कर्जाच्या वेळी कळतो. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. पण कर्ज देताना बँकेचे साहेब खात्यावरची उलाढाल बघतात. वर्षभराची विक्री दुसऱ्याच्या खात्यावर आणि तिच्या पासबुकात योजनेचे हप्ते तेवढे, असे असेल तर तिचा धंदा कागदावर दिसणार कसा?

नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. गटाने बायकांना मोठी सवय लावली ती वहीची. बचत किती, कर्ज कुणाला, व्याज किती, हे सगळ्यांसमोर ठरते आणि लिहिले जाते. मोबाईलवरचा व्यवहार मात्र या वहीत येत नाही. तो आला पाहिजे.

"बायकांना ते जमत नाही, कुणी फसवले तर?" ही शंका नेहमीची. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा सही येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला होता. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीपासून येतच होता, अडले होते ते अक्षरापाशी. आज पिन आणि मेसेज वाचणे म्हणजे तेच अक्षर आहे.

फसवणारा तर बाई-पुरुष बघत नाही. तीन गोष्टी पाठ असाव्यात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. पिन आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. आणि फसलोच तर लाज न धरता लगेच १९३० नंबरला फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

घरच्या कारभाऱ्यांनी एवढे करावे: तिच्या धंद्याचा स्कॅनर तिच्याच खात्याचा, खात्याला नंबर तिचाच आणि पिन तिच्या एकटीच्या डोक्यात. साध्या बटनाच्या फोनवरूनही २०२२ पासून यूपीआय चालते, त्यामुळे महागडा मोबाईल नाही ही सबब नको. रोज रात्री रोख आणि मोबाईल, दोन्हीची जमा वहीत लिहावी.

आणि सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांनीही मनावर घ्यावे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती नुसती सह्यांपुरती न उरकता बँक सखीला बोलवावे आणि बायकांकडून त्यांच्याच मोबाईलवर दहा रुपयांचा व्यवहार करून घ्यावा. भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. खाती तर जनधनमुळे २०१४ पासून घरोघर उघडली. आता त्या खात्यांचा कारभार खातेदारणीच्या हाती आला पाहिजे.