पट मांडला, पण सचिव कोण?

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचा विषय निघाला, की मला २०२२ हे साल आठवते. युक्रेन युद्धामुळे ऑलिम्पियाड मॉस्कोहून हलले आणि मार्चमध्ये भारताच्या पदरात पडले. हाताशी जेमतेम साडेचार महिने. तामिळनाडू सरकारने कंबर कसली. २८ जुलैला मामल्लपुरमचा मांडव उभा राहिला.

पण ऐन लगीनघाईत, जूनमध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाच्या सचिवांची निवड नियमबाह्य ठरवली. पदावरच्या माणसाला फेरनिवडीसाठी दोनतृतीयांश मते हवीत, हा क्रीडा संहितेचा तेव्हाचा दंडक. तेवढी मते त्यांना नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १५ ऑगस्टपर्यंत राहू दिले. पाहुणे दाराशी आलेले, दुसरे करणार काय?

खेळाडूंनी मात्र यजमानांची लाज राखली. गुकेशने पहिले आठही डाव जिंकले. तो आणि नागपूरचा रौनक साधवानी ज्यात होते, त्या भारत ‘ब’ संघाला कांस्य. हरिका नवव्या महिन्यात पटावर बसली. तिच्या आणि गोव्याच्या भक्ती कुलकर्णीच्या महिला संघालाही कांस्य.

पदके आली, आता निवडणुकीचे काय घेऊन बसलात, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. नावाजलेल्या खेळाडूला प्रायोजक असतो. सांगलीच्या दहा वर्षांच्या मुलीला संघटनेवाचून कोण आहे? नोंदणी तिथे, निवड तिथे, तक्रारही तिथेच. महासंघाच्या निवडणुकीत मते असतात राज्य संघटनांची. आपल्या राज्याचे मत कोण टाकतो, हे पालकांनी पुढच्या स्पर्धेत प्रवेश फी भरताना जरूर विचारावे.