कोळ्याला कोळीच भारी!

"इंजिनिअरिंगला येऊन धान्यातल्या किड्यांवर लेख?" होस्टेलवरच्या मित्रांनी माझी यथेच्छ टिंगल केली. पण माझं मत स्पष्ट आहे. धान्य साठवणं हा इंजिनिअरिंगचाच विषय आहे आणि तो आपण औषधाच्या दुकानदारावर सोडून दिलाय.

सोंडे, टोके, पोरकिडे सगळ्यांना दिसतात. पिठातला कोळी मात्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. पाय आठ, म्हणजे हा कीटकसुद्धा नव्हे! धान्यात ओल राहिली की तो फोफावतो, दाण्यातला अंकुराचा भाग फस्त करतो. मग ते बी उगवत नाही, धान्याला वास येतो आणि ते हाताळणाऱ्याला ॲलर्जी होऊ शकते.

आपला ठरलेला उपाय म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. कोळी मरतात, पण त्यांची अंडी बऱ्याचदा तग धरतात आणि फौज पुन्हा उभी राहते. नियमाप्रमाणे ही गोळी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायची. तरी ती घरातल्या धान्यात पडते आणि बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात. हे किती दिवस चालवून घ्यायचं?

चेकोस्लोव्हाकियात काट्याने काटा काढला गेला. 'चेलेटस इरुडिटस' हा शिकारी कोळी धान्याला तोंड लावत नाही, धान्य खाणाऱ्या कोळ्यांना खातो. कोठारातल्या त्याच्या वापरावरचं तिथलं संशोधन १९६५ साली प्रसिद्ध झालं. पुढे त्याची पैदास करून तो विकायलाही आला. शिकार संपली की हे पठ्ठे एकमेकांनाच खातात, म्हणजे त्यांची संख्याही आपोआप घटते. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात आपण ज्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतो तो हाच की! लोटका (१९२५) आणि व्होल्टेरा (१९२६) यांनी शिकारी आणि शिकारीची समीकरणं मांडली, तीही आपल्या ओळखीच्या डिफरन्शियल इक्वेशन्समध्येच.

अर्थात ही जादूची कांडी नाही. थंडीत शिकारी मंदावतो. कीड बेसुमार वाढल्यावर सोडला तर पुरा पडत नाही. सोंड्यांचा बंदोबस्तही त्याच्याकडून होणार नाही. म्हणून आधी धान्य कोरडं करा, ओलाव्यावर लक्ष ठेवा, कोठार झाडून घ्या. मग शिकारी, आणि वायू अगदी शेवटी.

यातली पहिली तीन कामं तर सरळसरळ आपलीच आहेत. मित्रांनो, फायनल इयरला तोच तो लाइन फॉलोअर बनवण्यापेक्षा धान्याचा ओलावा सांगणारं एखादं स्वस्त यंत्र बनवायला काय हरकत आहे?