मालवाहू विमानाचा वैमानिक माणूस नाही काय?

विमानात माणसे आहेत की खोकी, हे पाहून थकवा येत नाही. अमेरिकेचा कायदा मात्र तसे मानतो.

२००९ साली बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळून ५० जण ठार झाले. त्यानंतर वैमानिकांच्या कामाचे आणि विश्रांतीचे नवे नियम आले, २०१४ पासून लागूही झाले. रात्रीच्या ड्युटीला कमी तास, ड्युटीआधी सलग १० तास विश्रांती. पण मालवाहू कंपन्यांना यातून वगळले! कारण काय, तर खर्च जास्त, फायदा कमी. मालवाहू विमान पडले तर मरणार किती? दोन-चार! म्हणजे जिवाची किंमत लावली आणि सुरक्षा नाकारली.

वास्तविक रात्रपाळी हाच या धंद्याचा कणा. पहाटे २ ते ६ शरीराचे तापमान उतरते, सावधपणा ढासळतो. लांब पल्ल्याच्या उड्डाणात मनगटावरचे घड्याळ बदलते, शरीरातले बदलत नाही. दिवसाची झोप ती भरपाई पुरी करत नाही.

१४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे अलाबामातील बर्मिंगहॅमला यूपीएसचे मालवाहू विमान धावपट्टीआधीच कोसळले. दोन्ही वैमानिक ठार. तपासात सहवैमानिकेचा थकवा हे एक कारण निघाले. सुट्टीचा वेळ तिने नीट वापरला नाही, हा ठपका सगळे सांगतात. त्याच निष्कर्षात शरीराच्या घड्याळाचेही नाव आहे, ते कोण सांगणार?

आकाश एकच, झोप एकच, मग नियम दोन का? ज्याच्या पाठीमागे प्रवासी नाहीत त्याचा जीव स्वस्त ठरवणे म्हणजे सरळसरळ विषमता आहे.