आमटी अळणी, की जीभ?

मंडळी, संध्याकाळची जेवणे चालली आहेत. आजोबांनी आमटीचा पहिला भुरका मारला आणि वाटी बाजूला सारली. "सूनबाई, मीठ घालायचं विसरलीस काय गं?" सूनबाईने चाखून पाहिली. मीठ बेताचे होते. मुलगा म्हणाला, "बरी झालीय की!" तेवढ्यात सात वर्षांचा नातू भाजी सोडून भाकरीबरोबर गूळ मागू लागला.

पातेले एकच आणि चवी तीन! अशा वेळी बोल बहुधा सूनबाईलाच बसतो. आज या भांडणाचा निवाडा करू.

सुरुवात तान्ह्या बाळापासून करू. गोडाची आवड मूल जन्मतःच घेऊन येते. आईचे दूधही गोडसरच असते. मिठाचे मात्र नवजात बाळाला काहीच वाटत नाही. ती आवड चार-सहा महिन्यांनी दिसू लागते. पुढे वाढीच्या वयात मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड लागते. आपल्याला घशाशी येणारे सरबत पोरे मिटक्या मारीत पितात. सोळा-सतराव्या वर्षापर्यंत ही ओढ हळूहळू ओसरते. तेव्हा नातू गूळ मागतो तो हावरटपणाने नव्हे, त्याचे वयच तसे आहे. पण मागेल तितके द्यावे असाही याचा अर्थ नाही. पेज, खिमट, दूध गोड करूनच दिले, तर ते गोडच असते असे मूल शिकते. म्हणून वर्षाच्या आतील बाळाच्या अन्नात मीठ घालू नये आणि दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ देऊ नये.

आता आजोबांकडे वळू. जिभेवर चव ओळखणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या दहा-पंधरा दिवसांत झडतात आणि नव्या येतात. उतारवयात हे काम मंदावते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाक. आपण जिला चव म्हणतो, त्यात वासाचा वाटा फार मोठा. सर्दी झाली की झणझणीत रस्साही सपक लागतो, तो याचमुळे. साठीनंतर पुष्कळांचा वास बोथट होतो. त्यात तोंडाला कोरड, वरची कवळी, काही औषधे आणि तंबाखू-मशेरी यांची भर पडते. म्हणून आजोबांना आमटी खरोखरच अळणी लागते. ते खोटे बोलत नाहीत आणि सूनबाईही चुकलेली नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. ज्या वयात जीभ जास्त मीठ मागते, त्याच वयात शरीराला ते सोसत नाही. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. त्यातून पक्षाघात आणि हृदयविकार ओढवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सगळे मिळून चहाचा एक सपाट चमचा. लोणचे, पापड, सुके बोंबीलही त्यातच आले. साखरेचेही तेच. दिवसात पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर चहातूनच चाळीस-पन्नास ग्रॅम साखर पोटात जाते. "आम्ही गूळ घालतो" असे म्हणून मधुमेह असलेल्याची सुटका होत नाही.

मग करावे काय? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण जिभेची खोड जाते. मीठ हळूहळू कमी केले, तर दोन-तीन महिन्यांत कमी मिठाचेच अन्न चवदार लागू लागते. म्हणून दर पंधरवड्याला पातेल्यातले मीठ आणि चहातली साखर थोडी थोडी कमी करा. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढणे बंद करा. लिंबाची फोड मात्र राहू द्या. आमसूल, चिंच, कोथिंबीर वापरा. लसूण-जिरे-कढीपत्त्याची फोडणी चांगली खमंग बसू द्या, म्हणजे मंदावलेल्या नाकालाही आमटी कळेल. म्हाताऱ्या माणसांना अन्न गरम वाढा, कारण वाफेबरोबर वास येतो.

दोन गोष्टी जपा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर मीठ एकाएकी तोडू नका. वृद्धांच्या रक्तातील क्षार फार उतरले तर चक्कर येते, भ्रम होतो. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाच्या रोग्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि चव किंवा वास अचानक गेला, तर ते वयावर ढकलू नका, दाखवून घ्या.

तर मंडळी, निवाडा असा: सूनबाई निर्दोष, आजोबाही निर्दोष. उद्या वाटी बाजूला सरली, तर मिठाची बरणी उचलू नका. आमटी पुन्हा गरम करा, वर लिंबू पिळा आणि आजोबांच्या शेजारी घटकाभर बसा. दोन घास जास्त जातील.